यंत्राच्या डोळ्याला आमचे रस्ते शिकवा

मोठ्या प्रवासी गाड्या आणि मालमोटारी यांच्यावर समोरचा रस्ता पाहणारी, धडक टाळण्यासाठी आपण होऊन ब्रेक लावणारी, गाडी आपल्या पट्ट्यातून सरकू लागताच इशारा देणारी आणि डुलकी लागलेल्या चालकास जागे करणारी यंत्रणा बसविणे सक्तीचे करावे, अशा आशयाचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. अशा मसुद्यांच्या अंमलाच्या तारखा पुढेमागे सरकतात, सवलती मागितल्या जातात, काही दिल्याही जातात. तथापि दिशा आता ठरून गेल्यासारखी आहे. ज्या रस्त्यावर आजवर केवळ माणसाचा डोळा पाहत होता, त्या रस्त्याकडे यापुढे यंत्राचा डोळाही पाहणार, आणि त्याने जे पाहिले असेल त्यावर माणसांचे प्राण, पैसा आणि प्रसंगी अब्रूही अवलंबून राहणार. या बदलाचे आम्ही स्वागत करतो. परंतु हा डोळा कोणत्या रस्त्यांवर पाहावयास शिकला, त्याची परीक्षा कोणी व कोठे घेतली, आणि तो चुकला तर दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न आजच विचारले पाहिजेत. यंत्रे गाड्यांवर चढल्यानंतर ते विचारून काही उपयोग व्हावयाचा नाही.

स्वागत करण्याचे कारण उघड आहे. शासनाच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. एकट्या महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक होता. एखाद्या साथीने एवढे बळी घेतले असते तर सरकारला रात्रीची झोप लागली नसती. रस्त्यावरच्या मृत्यूंची मात्र आपल्याला सवय झाली आहे. माणसाच्या डोळ्याचे दोष कोणास ठाऊक नाहीत? तो थकतो, पेंगतो, समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांनी दिपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर गाडीने तोडलेले असते. सेकंदास तीस चित्रे घेणारा कॅमेरा मात्र गाडी जेमतेम ५५ सेंटिमीटर सरकते न सरकते तोच पुढचे चित्र घेतो. ही तत्परता माणसापाशी नाही. सबब यंत्राला विरोध करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

पण यंत्र पाहते म्हणजे नेमके काय करते, हे सुशिक्षितांनी तरी समजून घेतले पाहिजे. कॅमेऱ्यापुढे आलेले दृश्य यंत्राच्या लेखी आकड्यांचा एक तक्ता असतो. आज घरोघरी दिसणाऱ्या उच्च प्रतीच्या दूरचित्रवाणीचे एक चित्र १,९२० उभ्या व १,०८० आडव्या ओळींत मांडलेल्या २०,७३,६०० ठिपक्यांचे बनते, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांनी सांगितला जातो. सेकंदाला २५ चित्रे धरली तर साडेपंधरा कोटींहून अधिक आकडे दर सेकंदास उभे राहतात. या आकड्यांच्या जंगलात गाडी कोणती, माणूस कोणता आणि झाडाची सावली कोणती हे ओळखणे, म्हणजेच प्रतिमा-संस्करण. पूर्वी अभियंते त्यासाठी नियम लिहीत: येथे काळे संपून पांढरे सुरू होते, तेव्हा येथे कडा आहे, इत्यादी. आता यंत्राला लाखो चित्रे दाखविली जातात; यात माणूस आहे, यात नाही, असे सांगितले जाते; आणि त्यांतून ते आपली ओळख आपण बनविते. शाळेत मुलास ज्या पुस्तकातले धडे दिले, त्याच पुस्तकावर त्याची बुद्धी घडते. यंत्राचेही तसेच आहे, आणि सारा प्रश्न या पुस्तकाचा आहे.

हे शास्त्र दोन अंगांनी वाढले. एक अंग प्रक्षेपणाचे, दुसरे वाहनांचे. पहिल्या अंगाचा पाया घालणाऱ्यांत एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९४० मध्ये बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापक असताना त्यांना एक गणिती युक्ती सुचली. तिच्या अभ्यासासाठी १९७२ मध्ये त्यांनी मागितलेले अनुदान तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नाकारले. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती चित्राचे लहान लहान चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील ठळक फरक आणि बारीक फरक वेगळे करते, आणि डोळ्याला ज्यांचा अभाव जाणवणार नाही असे बारीक फरक सोडून देण्याची सोय करते. दूरध्वनीवरून येणारी छायाचित्रे आणि डिश अँटेनातून घरी उतरणाऱ्या वाहिन्या यांच्यामागे हेच तत्त्व उभे आहे. मूळ चित्राच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी मजकूर पाठवून पाहणाऱ्याला ते संपूर्ण भासते, ही किमया त्याचीच.

परंतु प्रक्षेपणात जे कौतुकास्पद, ते रस्त्यावर घातक ठरू शकते. करमणुकीच्या चित्रात काय टाकून द्यावे हे प्रेक्षकाच्या समाधानावरून ठरते. अंधारातला एखादा अंधूक ठिपका गळला तर मालिकेचा रस कमी होत नाही. रस्त्यावरील अंधूक ठिपका मात्र उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूस लावलेला, धुळीने माखलेला रिफ्लेक्टर असू शकतो. चौकातील कॅमेऱ्याने साठवणुकीची काटकसर करण्यासाठी चित्र इतके दाबले की गाडीच्या क्रमांकातील ३ आणि ८ सारखेच दिसू लागले, तर पुढे कितीही संस्करण केले तरी हरवलेला आकडा परत मिळत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? चित्रपटांत धूसर छायाचित्र मोठे करता करता गुन्हेगाराचा चेहरा लख्ख उमटतो. प्रत्यक्षात तसे करणारे यंत्र हरवलेली वस्तू शोधीत नसते, ते अंदाजाने नवी वस्तू रंगवीत असते. न्यायाच्या कामी हा भेद फार मोलाचा आहे.

यंत्राच्या डोळ्यावर विश्वास किती ठेवावा याचा धडा आपल्याला एका अनपेक्षित ठिकाणी मिळालेला आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडूचा मार्ग रेखाटणारी 'हॉक-आय' ही यंत्रणा २००१ मध्ये इंग्लंडात प्रथम दिसली. मैदानाभोवतीच्या अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून चेंडूचे स्थान काढावयाचे आणि पायचीतच्या प्रसंगी तो पुढे कोठे गेला असता याचा हिशेब मांडावयाचा, अशी ती रचना आहे. पंचांच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची पद्धत २००८ मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात अजमावण्यात आली. आणि भारतीय क्रिकेट मंडळाने तिला पुढे अनेक वर्षे विरोध केला. यंत्राच्या अचूकतेविषयी खात्री नाही, हे त्या विरोधाचे कारण होते. २०१६ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत भारताने ती पद्धत स्वीकारली. आजही त्या पद्धतीत एक शहाणपणाची तरतूद आहे. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागत असल्याचे यंत्राने दाखविले, तर मैदानावरील पंचाचाच निर्णय कायम राहतो. यंत्र आपल्या अंदाजाची मर्यादा जाहीरपणे कबूल करते आणि तेवढ्यापुरते माणसाच्या हाती निर्णय सोडते. एका फलंदाजाच्या बळीसाठी आपण एवढी चिकित्सा केली, एवढी वर्षे वाद घातला. मग ज्या यंत्राच्या निर्णयावर चाळीस प्रवाशांची गाडी थांबणार वा न थांबणार, त्याची चिकित्सा करण्याचे आपल्याला सुचू नये काय?

ही चिकित्सा येथे अधिक आवश्यक आहे, कारण आमचे रस्ते वेगळे आहेत. कोल्हापूरहून बिद्री, मुदाळतिट्ट्यावरून गारगोटीस जाणारा रस्ता घ्या. हंगाम सुरू झाला की दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रंदिवस धावतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर लोंबलेला. मागचा दिवा असलाच तर मोळीखाली झाकलेला. अंधारात अशा ट्रॉलीला गाडीचा आकारच उरत नाही. यंत्राला ती काय वाटावी? झुडूप, गवताची गंजी, की रस्त्याचा कठडा? पावसाळ्यात हाच रस्ता पाण्याने चकाकतो आणि समोरच्या गाडीचे दिवे डांबरावर उलटे उमटतात. भुदरगड, राधानगरी, आजरा या भागांत रस्त्यावर गवा येणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि गव्याचा काळसर देह रात्रीच्या काळोखात कॅमेऱ्याला सहज दिसण्याजोगा नव्हे. डांबर संपले की रस्ता संपला असेही आमच्याकडे नाही. साइडपट्टीवरून दुचाकी जाते, बैलगाडी जाते, शाळेतून घरी निघालेली मुलेही तेथूनच चालतात. आखलेले पांढरे पट्टे पाहून गाडीचा मार्ग ठरविणारे यंत्र, जेथे पट्टेच पुसले गेले आहेत तेथे काय करणार?

ही शंका कल्पनेतली नाही. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी या शहरात स्वयंचलित चाचणी-मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस ठार केले. सरकारी चौकशीत निष्पन्न झाले ते विचार करावयास लावणारे आहे. गाडीच्या यंत्रणेने त्या स्त्रीला धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधीच टिपले होते. परंतु ती कोण हे तिला ठरविता आले नाही. कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल, असे तिचे वर्गीकरण बदलत राहिले. ओलांडण्यासाठी आखलेल्या जागेवाचूनही माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या रचनेत धरलेली नव्हती. गाडीत बसविलेल्या चालकाचे लक्षही त्या वेळी रस्त्यावर नव्हते, हेही खरे. पण वाचकांनीच सांगावे, आखलेल्या जागेवरूनच रस्ता ओलांडणारे किती लोक आपल्या पाहण्यात आहेत? तेथे जो अपवाद, तो येथे नित्याचा व्यवहार आहे.

सुदैवाने आपल्या संशोधकांनी हा प्रश्न ओळखलेला आहे. वाहनांच्या दृष्टीचे शिक्षण ज्या चित्रसंग्रहांवर जगभर झाले, त्यांतील २०१६ चा 'सिटीस्केप्स' हा नामवंत संग्रह प्रामुख्याने जर्मनीतील शहरांचा आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह भारतीय रस्त्यांवरील १०,००० चित्रांचा संग्रह तयार करून तो जगापुढे ठेवला. १८२ फेऱ्यांतून घेतलेल्या त्या चित्रांत ३४ प्रकारच्या वस्तू रेघ आखून दाखविल्या आहेत. त्यांत रिक्षा आहे, जनावरे आहेत; इतकेच नव्हे, तर डांबराबाहेरची पण गाडी जाऊ शकेल अशी कच्ची जागा हा एक स्वतंत्र प्रकारही आहे. आमची साइडपट्टी शास्त्राच्या वहीत नोंदली गेली ती अशी. परदेशी रस्त्यांवर शिकलेली यंत्रे या चित्रांपुढे अडखळतात, हेही त्या अभ्यासाने दाखवून दिले. मात्र ही चित्रे मुख्यत्वे हैदराबाद-बंगळूर आणि त्यांच्या आसपासची आहेत. त्यांत आमच्या उसाच्या ट्रॉल्या आणि आमचा आषाढातला आडवा पाऊस पुरेसा उतरला असेल, असे गृहीत धरता येणार नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' नावाचा उपक्रम सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका यांनी मिळून शहर बसगाड्यांवर धडक टाळण्याचा इशारा देणारे कॅमेरे बसविले. या उपक्रमातील खरी दूरदृष्टी पुढे आहे. कोणत्या जागी यंत्राला वारंवार इशारा द्यावा लागतो, याची नोंद ठेवून, जेथे अजून अपघात झालेला नाही पण होण्याचा संभव आहे अशा जागा हुडकण्याचे काम त्यात अंतर्भूत आहे. आजवर आपण माणसे मेल्यानंतर त्या जागेला अपघातप्रवण म्हणत आलो. माणूस मरण्यापूर्वी ती जागा सापडत असेल, तर यंत्राच्या डोळ्याचा याहून पुण्यप्रद उपयोग दुसरा नाही.

यावर आक्षेप येईल की, ज्या ट्रॉलीला शंभर-दोनशे रुपयांचा रिफ्लेक्टर लावला जात नाही, तेथे लाखमोलाच्या यंत्राच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. आम्ही तर म्हणतो की, कारखान्याच्या काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर व मागचा दिवा असल्याखेरीज वजनच करू नये. त्यासाठी संशोधनाची नव्हे, निश्चयाची गरज आहे. पण रिफ्लेक्टर लावल्याने यंत्राचा प्रश्न सुटत नाही. ते येणार आहे, आणि बस व मालमोटार यांच्यावर ते कायद्याने येऊ घातले आहे. घाईने आणलेले यंत्र नको तेथे ब्रेक लावू लागले, तर चालक ते बंद करून ठेवतील. मग खर्चही झाला आणि रक्षणही नाही, अशी गत होईल.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली परीक्षेविषयी. वाहनांची मानके ठरविण्याच्या व गाड्या तपासण्याच्या कामी पुण्याची १९६६ पासूनची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था देशात अग्रगण्य आहे. यंत्राला मान्यता देण्यापूर्वी त्याची परीक्षा मुसळधार पावसात, धुक्यात, रात्रीच्या वेळी, दिव्यावाचूनच्या ट्रॉलीपुढे आणि जनावरांपुढे घेतली जावी. आणि दर शंभर प्रसंगांत ते किती वेळा चुकले, याचा निकाल जनतेसाठी प्रसिद्ध व्हावा. परीक्षार्थीचे गुण गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी चित्रांविषयी. एस. टी.च्या गारगोटी आगारातून सुटणाऱ्या चार-पाच गाड्यांवर कॅमेरे बसवून वर्षभराची, सर्व ऋतूंतील, चित्रे गोळा करणे हे अवघड काम नव्हे. त्यांतील वस्तू ओळखून, रेघ आखून, नावे देणे हे कष्टाचे काम आहे, परंतु त्यास राजधानीतील प्रयोगशाळा लागत नाही; लागतात ती रस्ता ओळखणारी माणसे. डॉ. जे. पी. नाईक यांनी गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे केले ते खेड्याच्या गरजेशी शिक्षणाची गाठ घालण्यासाठी. त्या विद्यापीठाच्या ग्रामीण अभियांत्रिकीच्या संस्थेतील विद्यार्थी हे काम उत्तम करतील, असा आमचा विश्वास आहे. ट्रॉलीच्या मागे लोंबणारा ऊस त्यांना ओळखावयास शिकवावे लागणार नाही. चित्रांतील माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक पुसूनच ती वापरावीत, हे वेगळे सांगावयास नको. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केलेलाच आहे.

तिसरी मागणी दंडाविषयी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३६-अ हे कलम आले आणि रस्त्यांवर यंत्राने नजर ठेवण्यास आधार मिळाला. २०२१ मध्ये केलेल्या नियमांत यंत्राला दरवर्षी नूतनीकरणाचे प्रमाणपत्र असावे, नजर असल्याची पाटी ठळकपणे लावावी, नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी आणि प्रकरण मिटेपर्यंत चित्र जपून ठेवावे, अशा तरतुदी होत्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली. अक्षरांना वळण देऊन नंबर प्लेटवर 'दादा' आणि 'राम' उमटविणाऱ्या हौशी मंडळींना दंड झाल्यास आम्हांस दुःख नाही. मात्र ज्या नागरिकाचा दोष नाही, त्याला स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत. क्रमांक वाचताना यंत्राला संशय असेल तेथे माणसाने ते चित्र पाहिल्यावाचून चलन निघू नये, आणि नागरिकाला मूळ चित्र विनासायास पाहावयास मिळावे. क्रिकेटच्या मैदानावर जो न्याय मिळतो, तेवढा तरी रस्त्यावर मिळावा.

आमची मागणी परक्या विद्येच्या द्वेषातून आलेली नाही. ही विद्या परकी आहे असेही आम्ही मानीत नाही. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपला कॅमेरा आपणच जुळविला. 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला, आणि १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश योजण्याचे धाडसही त्यांनी केले. अंधारात कॅमेऱ्याला दिसावे कसे, या प्रश्नाशी हे शहर तेव्हाच झुंजले होते. आज तोच प्रश्न उसाच्या हंगामातील रात्रीच्या रस्त्यावर पुन्हा उभा आहे, आणि या वेळी उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत. परिवहन खाते, एस. टी. महामंडळ, साखर कारखाने आणि विद्यापीठ यांनी येता हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून कामाची वाटणी करावी. चित्रे घेण्यास प्रारंभ करण्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहण्याची मुळीच आवश्यकता नाही.